अर्धपोटी आग

"तोंडावर तेज बघा कसं आलंय," समोरच्या काकू माझ्या आईला हळूच म्हणाल्या. "गाल बघा. झोपल्यासारखी वाटते की नाही? सवाष्ण गेली ना, म्हणून."

आत्याला हॉलमध्ये चटईवर ठेवलं होतं. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, हातात नव्या बांगड्या. केस अजून ओलेच होते. येणाऱ्या बायका आधी रडायच्या आणि मग तिच्या गालांकडे बघत राहायच्या. गाल खरंच गुलाबी होते. आत्या सावळी. उन्हातून आली की तिचा चेहरा काळवंडायचा, लाल कधी झाला नाही. त्या दिवशी मात्र ती कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कॉलेजची बॅग खांद्यालाच होती. आईने दोनदा खूण केली, ठेव ती. मी ठेवली नाही. बॅगेत ओल्या फ्लेक्सची घडी होती.

मला बोलायला वेळ लागतो. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी. दोन्हीकडे वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. नातेवाईक म्हणतात, शांत मुलगी आहे. आत्या म्हणायची, "शांत कसली, घुमी आहे. पोटात ठेवते सगळं." कॉलेज ठाण्यात मिळालं तेव्हा डोंबिवलीहून रोजची ये-जा नको म्हणून बाबांनी मला त्यांच्या या बहिणीकडे, वर्तकनगरला ठेवलं. हाउसिंग बोर्डाची जुनी इमारत, दुसरा मजला, दोन खोल्या. आत्या आणि तिचे यजमान. त्यांना मी काका म्हणते. त्यांना मूल नव्हतं.

काका कोलशेतच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. तीस वर्षं एका जाड काचेच्या भोकातून आग बघणं हे त्यांचं काम. आठवीत जायच्या आधी मे महिन्यात मी त्यांच्याकडे आले होते. पुढच्या वर्षाची तयारी म्हणून ज्वलनाचा धडा मी इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवला. जळायला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि पेट घेण्याइतकी उष्णता. काका म्हणाले, "पाठ आहे तुझं. आता आग बघ."

त्यांनी वहीच्या कागदाची वाटी केली, तिच्यात पाणी ओतलं आणि चिमट्यात धरून ती मेणबत्तीवर धरली. मी कागद पेटायची वाट बघत राहिले. पाणी कढत झालं, वाटीच्या बुडाशी बुडबुडे धरले, कागद मात्र पेटला नाही. उष्णता पाणी घेऊन जातं, कागद पेट घेण्याइतका तापतच नाही, हे पुस्तकात होतं. मी ते वाचलेलंही होतं. पण तोपर्यंत माझा त्यावर विश्वास नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी स्टीलचा चमचा मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीत धरला. क्षणात काजळी. तोच चमचा पुसून गॅसच्या निळ्या ज्योतीवर धरला. काहीच नाही.

"निळी म्हणजे पोटभर जेवलेली आग," काका म्हणाले. "पिवळी अर्धपोटी. मेणबत्तीचं ठीक आहे, तिची जातच ती. पण गॅसची ज्योत पिवळी झाली तर समजायचं, हवा कमी पडतेय. आग अर्धपोटी राहिली की घाण करते. काजळी दिसते तरी. दिसत नाही तीही असते."

"आणि तो चमचा कोण घासणार?" आतून आत्या. "बॉयलर अटेंडंट की सायंटिस्ट?"

"सायंटिस्ट," काका म्हणाले, आणि चमचा माझ्या हातात दिला.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा शेजारची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. जुनी पाडून नवी चढायला लागली आणि हिवाळ्यात बांबूची परांची आमच्या बाथरूमच्या खिडकीसमोर आली. खिडकी काचेच्या आडव्या पट्ट्यांची, कायम उघडी. पट्ट्या गंजून तशाच अडकलेल्या. परांचीवर दिवसभर माणसं. ती आपल्या कामात असायची, खरं सांगायचं तर एकदाही कुणी आत बघताना मी पाहिलं नाही. पण मला आंघोळ करता येईना. मी अंधारात, दिवा न लावता, चार तांब्यांत आटपायची. हे कुणाला सांगायचीही मला लाज वाटत होती.

काका चार दिवसांसाठी कोकणात गावी गेले, घराची कौलं फिरवायला. ते गेले त्याच दिवशी मी माळ्यावरचा जुना फ्लेक्स काढला. गल्लीतल्या कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता. आत्याने सामान झाकायला ठेवलेला. खिडकीच्या मापाने कापला आणि चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून घट्ट बसवला. पुढाऱ्याचा अर्धा चेहरा आणि जोडलेले हात आत आले. आत्या बघून हसली. "आता हे बघणार होय आपल्याला?" मग म्हणाली, "बरं केलंस बाई. मलाही कसंतरीच व्हायचं. तुझ्या काकांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, कोण बघतंय तुला या वयात."

त्याच बाथरूममध्ये, दाराच्या वर, गॅसचा गीझर होता. दार प्लास्टिकचं, नवीन, रबरासारखं घट्ट बसणारं.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखलं. मला वाटलं, प्रॅक्टिकलचं टेन्शन. तिसऱ्या दिवशी आत्याला गरगरलं. संध्याकाळी काकांचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "डोकं धरलंय हो सकाळपासून." पलीकडून काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं, ती फोन स्पीकरवर ठेवायची: "पित्त झालं असेल. आमसुलाचं पाणी पी." त्याच सकाळी आंघोळ करताना मी गीझरच्या छोट्या काचेत ज्योतीची टोकं पिवळी झालेली पाहिली होती. पाहिली आणि मनात म्हटलंही, पिवळी. काकांना विचारू, असंही वाटलं. फोन चालू होता, मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्यांनी विचारलं, "ती घुमी काय करतेय?" आत्या म्हणाली, "अभ्यास." आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी आत्या न्हायला गेली. तिचे केस कमरेखाली. शिकेकाई लावून न्हायचं म्हटलं की अर्धा तास कुठे गेला नाही. मी आधीच आंघोळ करून जर्नल पूर्ण करत बसले होते. पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ तो एकसारखाच येत होता, बादली भरून वाहायला लागल्यावर येतो तसा. मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. मला आठवतं, ओरडताना मी परांचीवरची माणसं ऐकतील म्हणून कचरले होते. तेवढा वेळ, कितीही थोडा असो, गेलाच.

वॉचमनने खांदा लावून कडी तोडली. समोरच्या काकूंनी आत्याला चादरीत गुंडाळलं, दोघांनी बाहेर आणलं. मी आत राहिले. नळ बंद केला. गीझर बंद करताना काचेत बघितलं. सगळी ज्योत पिवळी होती, लांबलचक, डुलत होती. मला एका क्षणात सगळं कळलं. पुढचं मी काय केलं तेही मला नीट कळत होतं. मी फ्लेक्स ओढून काढला, पट्टीसकट, घडी घातली आणि बॅगेत टाकला. खिडकीतून उजेड आला. डॉक्टर आले तेव्हा बाथरूम नेहमीसारखं होतं.

आत्याला ब्लड प्रेशर होतं. पन्नाशी उलटलेली. डॉक्टरांनी हार्ट म्हटलं. कुणी काही विचारलं नाही, आणि मला तर कुणी काही विचारतच नाही.

नंतर मी वाचलं. हवा कमी पडली की गॅस पुरता जळत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो अडवून बसतो, आणि त्याने भरलेलं रक्त लालभडक दिसतं. त्यामुळे माणसाचे गाल गुलाबी दिसू शकतात. माणूस झोपल्यासारखा वाटतो. ती ओळ वाचली आणि मला समोरच्या काकूंचा आवाज ऐकू आला.

काका संध्याकाळी एसटीने पोचले. आत्याकडे खूप वेळ बघत राहिले. स्मशानातून परत आल्यावर मला म्हणाले, "दाहिनीच्या चिमणीकडे बघत होतो. सवय. धूर अगदी पातळ होता." आणि मग, कुणीही न विचारता, "डोकं दुखतंय म्हणाली होती. तिचं ते हार्टचं होतं. मी आमसूल सांगितलं."

हे वाक्य ते तीन वर्षं बोलताहेत. चहा गाळताना बोलतात. कुणी भेटायला आलं की बोलतात. देवघरात आत्याच्या फोटोला हार घालताना पुटपुटतात. मी कॉलेज संपवलं, एका लॅबमध्ये नोकरी लागली, पण वर्तकनगर सोडलं नाही. आई फोनवर म्हणते, "किती दिवस राहणार तिथे?" बायका म्हणतात, पोटची पोर करणार नाही इतकं करते. मी काकांसाठी भाकरी करते, त्यांच्या गोळ्या काढून ठेवते. आणि ते रोज जे ओझं उचलतात ते माझं आहे हे रोज बघते. घडी घातलेला फ्लेक्स माझ्या कपाटात, मार्कशीटच्या फाइलखाली आहे.

रविवारी सकाळी मी इमारतीतल्या आठवीच्या चार मुलांना विज्ञान शिकवते. काकांचीच कल्पना. प्रयोग ते करतात, मी समजावते. परवाच्या रविवारी ज्वलन होतं. काकांनी ताटलीत मेणबत्ती लावली आणि तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला. मुलं मोठ्याने आकडे मोजायला लागली. ज्योत बारीक झाली, वाकली, विझली.

"ताई, ऑक्सिजन संपला!" एक मुलगा म्हणाला.

"संपला नाही," मी म्हटलं. "आत अजून आहे. ज्योतीला पुरेनासा झाला, एवढंच."

"म्हणजे आहे आणि तरी मेली? काय यार."

दारात त्यांच्यातल्या एका मुलीची आई उभी होती. आता आमचीही इमारत पाडायची आहे, लोक भाड्याच्या घरांत निघालेत. हे कुटुंब कल्याणला चाललंय. काकांनी त्यांना गीझर देऊ केला होता. आत्या गेल्यावर त्यांनी तो काढून माळ्यावर टाकला होता, गार पाण्यानेच आंघोळ करतात. त्या सकाळी खाली काढून पुसून ठेवला होता, सोफ्याशेजारी.

"नळी तेवढी नवीन घाला," काका म्हणाले. "बाकी फर्स्ट क्लास आहे. बाथरूमला खिडकी आहे ना?"

"आहे ना. पण डक्टमध्ये उघडते हो, खालून वास येतो, म्हणून मालकाने पत्रा ठोकलाय."

"पत्रा काढून टाका. हवा पाहिजे त्याला."

"काढू की, बघू." मुलीची आई हसली. "तुम्ही पण काका! तुमच्याकडे इतकी वर्षं होता, काय झालं का कुणाला?"

"आमच्याकडे खिडकी उघडी होती," काका म्हणाले. पुसलेल्या गीझरवरून त्यांनी पुन्हा एकदा फडकं फिरवलं. "आमची गेली ती हार्टने. आदल्या दिवशी म्हणाली होती मला, डोकं दुखतंय. मी आमसूल…"

ग्लासच्या आत पांढरा धूर होता. त्या मुलीने गीझरची एक बाजू उचलायला हात घातला होता, दुसरी तिच्या आईने. मी फक्त 'पत्रा काढाच हो' एवढंच म्हणू शकले असते. त्यांनी मान हलवली असती, आणि गीझर कल्याणला गेला असता. वाक्य मनात जुळवायला वेळ नव्हता. पहिल्यांदाच मी न जुळवता बोलले.

"ठेवा तो खाली. काका, खिडकी बंद होती. मी फ्लेक्स लावला होता, तुम्ही गावी गेलात त्या दिवशी. ज्योत पिवळी झालेली मी पाहिली होती, आणि आत्या गेल्यावर तुम्ही यायच्या आधी मीच तो फ्लेक्स काढला. आत्याचं हार्ट नव्हतं, काका. आमसुलाने काही झालं नाही."