जावळ, आधार कार्ड आणि जहाज

आमच्या ह्यांचं पाचोडला खता-बियाण्याचं दुकान हाय. राहतो आम्ही शहरात, सासू, हे, मी आन् लेकरू. हे रोज सकाळी मोटारसायकलवर जातात आन् दिवेलागणीला येतात. त्या वर्षी ह्यांनी बियाण्याचा माल लई खपवला म्हणून कंपनीनं बक्षीस दिलं, जहाजाची सहल, मुंबईत बसायचं, गोव्याला जाऊन परत यायचं, तीन रात्री, नवरा-बायको दोघं. दुसऱ्याचा नवरा असता तर पेढे घेऊन आला असता. हे चप्पल काढता काढता म्हणले, "तयारी कर. समुद्रात जायचंय."

मी म्हणलं, "आन् लेकरू?"

"आईपाशी राहील. दोघांचंच हाय ते."

बस. पाणी मागितलं आन् टीव्ही लावला.

लेकरू तवा दीड वर्षाचं होतं आन् अंगावर प्यायचं. मला समुद्राचं भ्या वाटत नव्हतं असं नाय, माझ्या माहेरी पिशोरला विहिरीत वाकून बघितलं तरी माझे पाय कापायचे, पण समुद्राचं भ्या एका बाजूला आन् लेकरू मागं ठेवायचं भ्या एका बाजूला. लेकरू सात महिन्यांचं असताना मी एकाच दिवसासाठी मयतीला कन्नडला गेले होते, सकाळी गेले, संध्याकाळी आले, तेवढ्यात सासूनं त्याला म्हशीचं दूध पाजलं, निरसं, न तापवता, "आमची लेकरं ह्याच्यावरच वाढली" म्हणून. जुलाब लागले. तीन दिवस सलाईन. त्याच्या एवढ्याशा हातावर पट्टी बांधलेली आन् खाली लाकडाची फळी, ती फळी मला अजून दिसती. सासू दवाखान्यात सगळ्यांना सांगायची, आईच्याच दुधात दोष हाय. तवापासून मी न्हाणीत गेले तरी दार अर्धं उघडं ठेवते.

सासूला मी आत्या म्हणते. आत्याला ही सहल माझ्यापेक्षा जास्त गोड वाटायला लागली. मला कळंना काहून. मंग एक दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, खाली अंगणात ती शेजारच्या काकूला सांगत होती.

"दीड वर्षाचं टोणगं झालं तरी पदरात तोंड घालतंय. आता बरं सापडलंय. ही तिकडं समुद्रात, लेकरू इकडं माझ्यापाशी. तीन दिवसांत तुटतंय अंगावरचं."

"रडंल की पण."

"रडू दे. रडून मरत नसतं लेकरू. आन् हे तुटल्याबिगर दुसरं कसं व्हायचं?"

माझ्या हातातली चादर खाली पडली, तिच्याच डोक्यावर. ती वर बघून ओरडली, "हात मोडले का गं?" माझं तोंडच उघडत नसायचं तिच्यासमोर. पण त्या दिवशी मला कळलं की ही सहल मला दिलेली नाय, मला घराबाहेर काढायला दिलेली हाय.

मोबाईलवर कंपनीच्या साहेबानं सगळ्या दुकानदारांचा ग्रुप केला होता. त्याच्यात तयारीचं पत्रक टाकलं होतं, ते मी सतरा वेळा वाचलं. मी सहावीपर्यंत शिकले, अडखळत वाचते, पण ते पाठ झालं. आधार कार्ड असलीच पाहिजे, झेरॉक्स चालणार नाय. घरचं शिजवलेलं खाणं आणायचं नाय. इस्त्री नाय, चाकू नाय, पाण्याची किटली नाय. मोठ्या बॅगा खालीच घेतात आन् खोलीत यायला संध्याकाळ होती, म्हणून लागणारं सामान, औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. पहिल्याच दिवशी पाण्यात तरंगायचं जाकीट घालून सगळ्यांना उभं करतात, घाबरू नका. पाण्यात काहीही टाकू नका.

आन् लोकांचे प्रश्न! एकानं इचारलं तंबाखू चालती का. एकानं इचारलं लोणचं हे शिजवलेल्यात धरतात का. कोणाच्या तरी बायकोनं इचारलं साडीवर चालंल का, का ड्रेसच लागंल, तर साहेब म्हणला साडी जरूर घाला, फक्त चप्पल सपाट असू द्या, जहाज हलतं. एकानं इचारलं उलटी आली तर काय करायचं. साहेबानं लिहिलं, डॉक्टरला इचारून गोळी आधीच आणा, बसल्यावर घेऊन उपयोग नाय. सगळं इचारलं लोकांनी. एकानंबी लेकराचं इचारलं नाय.

मी दोनदा ह्यांना म्हणलं, इचारा ना. पहिल्यांदा म्हणले बघू. दुसऱ्यांदा म्हणले, "तुला एकदा सांगितलं की डोक्यात जातंय का नाय? बाकीच्यांच्या बायकांना लेकरं नायत का?"

मंग एका सकाळी हे आंघोळीला गेले आन् मोबाईल चुलीपाशी राहिला. मला टाईप करता येत नाय नीट. मी ते माईकचं बटण दाबलं आन् बोलले. दोनदा बटण मधेच सुटलं. तिसऱ्यांदा एका दमात बोलले, "साहेब नमस्कार, आमचं दीड वर्षाचं अंगावरचं लेकरू हाय, ते माझ्याबिगर राहत नाय, त्याला जहाजावर घेतात का, तेवढं सांगा." आन् सोडलं. सोडल्यावर कळलं की हे परत घेता येत असंल तर मला येत नाय.

हे डोकं पुसत बाहेर आले तवर साहेबाचं उत्तर आलं होतं. "ताई, सहा महिन्यांच्या वरचं बाळ चालतं. जरूर आणा. उद्या चारपर्यंत त्याच्या आधार कार्डाचा फोटो टाका." आन् त्याच्याखाली दोन जणांनी हसायचं चित्र टाकलेलं.

ह्यांनी माझा आवाज ऐकला. पुन्हा ऐकला. मंग मोबाईल खाटंवर फेकला.

"अंगावरचं! अंगावरचं म्हणून सांगती सगळ्या मार्केटला! पाचोडात उद्या तोंड कसं दाखवू मी? गिऱ्हाईक खताची गोणी मागायच्या आधी हेच इचारंल."

मी म्हणलं, "साहेब हो म्हणले."

"साहेबाची बायको हायेस का माझी?"

हात नाय उचलला. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते, डोळे मिटून. पण सगळ्यांसमोर साहेबानं ताई म्हणून जरूर आणा लिहिलेलं, आता ह्यांना नाय म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी चारला दहा कमी असताना ह्यांनी आधार कार्डाचा फोटो टाकला. माझ्याशी बोलणं बंद केलं ते तवापासून.

त्या फोटोचं सांगते, कारण पुढं त्याच्यावरच सगळं आलं. आमच्या घरात लेकराचं जावळ, म्हणजे पहिले केस, लवकर काढत नायत. तवर नजर लागू नये म्हणून पोराला पोरीवानी ठेवायचं, हे आत्याचंच. आधार काढायला नेलं तवा आत्यानंच त्याला गुलाबी फ्रॉक घातला, गालाला काजळाचा एवढा मोठा टिळा, आन् डोक्यावर मधोमध लाल रबर बांधून कारंज्यावानी शेंडी. असा फोटो निघालेला.

आत्याला कळलं की लेकरू पण चाललंय. ती जेवली नाय. संध्याकाळी सुनावलं, "न्या. माझं काय जातंय. पण जावळाचं लेकरू आमच्यात नदीपार नेत नायत, तुम्ही समुद्रात न्यायला निघाले. आधी जावळ काढा, मंग कुठंबी न्या."

हे लगेच म्हणले, "झालं. मिटलं मंग." किती बरं वाटलं त्यांना.

कारण जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसवावं लागतं, आन् मामा म्हणजे माझा भाऊ, तो आमच्या दारात येत नव्हता. बारशाला तो पिशोरहून एवढा पाळणा घेऊन आला होता एस.टी.च्या टपावर बांधून, आन् आमच्यात सगळ्या सोयऱ्यांना टॉवेल-टोपी केली, त्यालाच इसरले. इसरले म्हणतात, मी नाय म्हणत. तो न जेवता गेला. आत्याला माहीत होतं तो येणार नाय. म्हणून तर तिनं जावळाचा विषय मधे आणला होता.

मी दळण आणायला गेले आन् गिरणीतून त्याला फोन लावला. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं, निदान घरी तरी ऐकू जात नव्हतं. म्हणलं, "दादा, लेकराच्या जावळाला ये."

"मी त्या घरी पाय ठेवत नाय, तुला सांगितलंय."

"घरी नको येऊ. खंडोबाला ये, साताऱ्याच्या. ऐतवारी."

"तुझी सासू असंल ना?"

"व्हय."

मंग मी सगळं सांगितलं, सहल, अंगावरचं, तीन दिवसांत तुटतंय, सगळं. पीठ अंगावर उडत होतं. तो एवढंच म्हणला, "किती वाजता?"

घरी सांगितलं, मामा येतोय; अट आत्याचीच होती, मोडणार कशी? ऐतवारी आम्ही साताऱ्याला, शहराला लागूनच्या गावात, गेलो तर दादा आमच्या आधी पायरीवर बसलेला. नवी कोरी टोपी घालून. आत्या जवळ आली तसा उठला, हात जोडले आन् म्हणला, "टोपी घरून घालून आलोय मावशी. तुमची लागत नाय."

आत्या म्हणली, "आमच्याकडं का टोप्यांचा दुष्काळ हाय?"

"दुष्काळ नाय, इसरभोळेपणा हाय."

हे दुसरीकडं बघत होते. न्हावी म्हणला, चला, भांडण मागून करा, ऊन व्हायलंय. दादानं लेकराला मांडीवर घेतलं. लेकरू त्याला ओळखतच नव्हतं, नुसतं किंचाळत होतं, माझ्याकडं हात करत होतं. पहिली बट मामानं कापायची असती. त्या दिवशीबी आत्यानं बांधलेली ती शेंडीच दादानं कापली, रबरासगट, आन् माझ्या ओटीतल्या फडक्यात टाकली. मंग न्हाव्यानं सगळं डोकं साफ केलं. लेकरू वेगळंच दिसायला लागलं, कान मोठे, डोकं पांढरं. दादानं फडक्याला गाठ मारली आन् माझ्या हातात देऊन हळूच म्हणला, "वाहत्या पाण्यात सोडायचं. तू तर समुद्रावर चाललीस, तिथंच सोड." तो त्या दिवशीबी आमच्यात जेवला नाय. आत्यानं आग्रहबी केला नाय.

आमच्यापैकी एकाच्याबी डोक्यात आलं नाय की आपण आधारमधल्या फोटोतलं लेकरू खोडून टाकलंय.

निघायच्या दिवशी मी पत्रकाप्रमाणं सगळं केलं. हातातल्या पिशवीत त्याची लंगोटं, दोन झबली, तापाचं औषध, उलटीची गोळी, आधार कार्ड असली, आन् तळाला ते फडकं. आत्या दारात उभी राहिली, लेकराचा मुका घेतला आन् मला म्हणली, "बुडालीस तर त्याला वर धर." चेष्टा होती का काय, मला आजबी माहीत नाय.

मुंबईला बंदरावर लई मोठी रांग. आमच्या बॅगा आधीच नेल्या. मी जहाज बघितलंच नाय, वर मान केली तर भिंतच दिसली, खिडक्यांची. टेबलावर एक पोरगी बसलेली, कडक इस्त्रीचे कपडे. तिनं ह्यांचं कार्ड बघितलं, माझं बघितलं, लेकराचं बघितलं, लेकराकडं बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं.

"मॅडम, ये तो लड़की है."

हे म्हणले, "लड़का है. लिखा है उसपे."

"लिखा लड़का है, फोटो लड़की का है, और ये बच्चा अलग है." ती म्हणली बाजूला थांबा, मोठे साहेब येतील.

हे माझ्याकडं वळले. किती दिवसांनी माझ्याशी बोलले, तर काय बोलले! "समाधान झालं? इथं मुंबईत सगळ्यांसमोर नाचवलंस. त्याला घेऊन बस बाहेर. मी एकटा जातो."

आन् खरंच स्वतःच्या लहान बॅगंचा पट्टा खांद्यावर घेतला. मागचे लोक आमच्याकडं बघत होते. मला विहिरीच्या काठावर उभं केल्यावानी झालं. मला वाटलं परत जायचं, एकटीनं, ह्या लेकराला घेऊन, आन् दारात आत्या उभी. लेकरू माझा पदर ओढत होतं. मोठे साहेब आले, तेबी हिंदीतच बोलले, मी नुसती पिशवीत हात घालत होते, झबलं काढलं, औषध काढलं, आन् हाताला ते फडकं लागलं.

मी टेबलावर गाठ सोडली. सगळं जावळ तिथं पसरलं. ती पोरगी मागं सरकली, "छी, ये क्या है?" मी त्या केसांतून शेंडी काढली, लाल रबर तसंच होतं तिच्यात, आन् कार्डातल्या फोटोशेजारी ठेवली. मंग लेकराच्या टकलावर मधोमध धरली. म्हणलं, "साब, ये बाल उसका. भगवान को दिया. परसों."

साहेबांनी फोटो बघितला, रबर बघितलं. चष्मा वर केला. लेकरानं त्यांच्या हातावरच चापट मारली. ते त्या पोरीला म्हणले, "अरे मुंडन हुआ है, जाने दो." आन् मला म्हणले, "ये उठाइए टेबल से."

मी एक एक केस गोळा केला. हे तवर पुढं गेले होते. थांबले नायत. मी फडक्याला गाठ मारली, लेकराला कडंवर घेतलं आन् त्यांच्या मागं मागं गेले. तीन दिवस आम्ही एकाच खोलीत होतो. ते गच्चीवर दुकानदारांत बसायचे, मी खोलीत. मला एकदाबी उलटी झाली नाय, त्यांनाच झाल्या. लेकरू प्यायचं आन् झोपायचं. समुद्र मी त्या गोल खिडकीतून बघितला, एकसारखा हाय, जास्त काय सांगण्यासारखं नाय.

जावळ पाण्यात सोडता आलं नाय. पत्रकात लिहिलेलं होतं, पाण्यात काहीही टाकू नका, आन् मी घाबरट, मी पत्रक मोडलं नाय.

घरी आलो तर आत्या दारातच. जहाज कसं होतं, काय खाल्लं, काहीच नाय. लेकराला हातात घेतलं आन् मला इचारलं, "तुटलं का अंगावरचं?"

"नाय."

"मंग गेलीस कशाला? आन् जावळ सोडलं का पाण्यात?"

मी म्हणलं, "व्हय." तिच्या तोंडावर खोटं बोलायची ती माझी पहिलीच वेळ. ते फडकं अजून माझ्या साड्यांच्या खाली हाय, रबरासगट. लेकरू परत माझ्याकडं आलं, हात पुढं करून, आन् मी तिथंच उंबऱ्यावर बसले, तिच्या समोर, आन् त्याला पदराखाली घेतलं.