नांग्या मोडलेला ऑक्टोपस

गाढव म्हटलं की माणूस चिडतो. म्हैस म्हटलं की बाई आठ दिवस बोलत नाही. साप म्हटलं की पाय आपोआप मागं येतो. ऑक्टोपस म्हटलं तर काहीच होत नाही. आमच्या कोल्हापुरात या शब्दाला ना वास, ना वजन. शिवी म्हणूनसुद्धा उपयोग नाही. तरी मला त्याची किळस येते, आणि त्यातली निम्मी किळस माझी मलाच येते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नात चार वर्षांची झाली. सुनेला तिला इंग्रजी शाळेत घालायचं होतं. तिथं आधी पोरांची परीक्षा घेत. सून नोकरीला जायची, म्हणून तयारी माझ्याकडं आली. मी चौथी शिकलेली.

"आत्ती, चित्राचा तक्ता आणलाय," सून म्हणाली. "नुसतं घोकून घेऊ नका, वस्तू दावून शिकवा. प्रवेश गेला तर पोरीचं वरीस जाईल."

मी सगळं दाखवलं. सफरचंद आणलं, मांजर कौलावर होतंच, छत्री खुंटीला होती. 'ओ'पाशी अडले. गुलाबी हसरं डोकं, बाईसारख्या पापण्या आणि खाली आठ शेपट्या.

"आज्जी, ह्ये तू बघिटलंयस?"

"व्हय की."

ठाऊक नाही म्हणायला जीभ वळली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातून नदीचे खेकडे आणले. खेकड्याला पुढं दोन नांग्या असतात. त्या आधीच मोडून टाकल्या, म्हणजे पाय बरोबर आठ उरले. पोरीकडून मोजून घेतले आणि सांगितलं, "ह्यो ऑक्टोपस." मग ते पाय ठेचले, पाणी गाळून रस्सा केला. पोरीनं दोन वाट्या ओरपल्या.

परीक्षेला मीच घेऊन गेले. बाईंनी चित्रावर बोट ठेवलं.

"ऑक्टोपस!" पोरगी खणखणीत बोलली. बाई खूश झाल्या.

"कुठं राहतो तो?"

"नदीत. बिळात. आज्जी त्येच्या तंगड्या मोडती, ठेचती आन् रस्सा करती. लई भारी लागतोय!"

त्यांच्या शेजारी बसलेली दुसरी बाई फसकन हसली. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी "शी!" म्हणून तक्ता पालथा घातला, जणू रस्सा त्यावरच सांडला होता. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी खरं आहे म्हणेन, याची ती वाट बघत होती. मी पिशवीचे बंद बघत बसले.

प्रवेश मिळाला नाही.

"खेकडा, आत्ती? खेकडा?" सून दोनदाच म्हणाली. पण पोरगी आईशी भांडत राहिली, "आज्जीनं मोजून दावलंय!" ते ऐकून माझ्या तोंडात घाण पाणी यायचं. तरी मी तोंड उघडलं नाही. खेकडा मात्र पुन्हा घरात आणला नाही. नात महापालिकेच्या शाळेत गेली.

सहा-सात वर्षांनी एका लग्नासाठी आम्ही गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला गेलो. किनाऱ्यावर एका मासेवालीच्या टोपलीत ते पडलं होतं. ना गुलाबी, ना हसरं. राखी रंगाचं, शेंबडासारखं. तिनं उचललं तर ते बोटांतून गळायला लागलं, आणि पायांवरच्या वाट्या तिच्या मनगटाला चिकटून चट्‌ चट्‌ सुटत होत्या. मी जन्मभर बोकडाची वजडी धुतली, कोंबडीची आतडी उपसली, पण उलटीचा उमाळा आला तो तिथं.

नात शेजारी उभी होती.

"आज्जी, ह्येच्या तंगड्या मोडून दाव की."

मी एक पाय धरला. आत हाड नव्हतं. दाबला तसा दबला, सोडला तसा लोंबला.

"मोडंना," मी म्हणाले.

"मग मला काय मोजाया लावलंतंस?"

"खेकडा हुता. मला ठाव न्हवतं."

"मला दुसरीतच कळलंतं," ती म्हणाली. "तू कवा सांगतीस ते बघत हुतो."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. ती चटकन बाजूला सरकली.

"आदी हात धू."

मी धुतला. वास गेला नाही.