खंडोजीमामांचा करडा रंग

रघोजीराव अण्णांची नि माझी पहिली भेट एका रणगाड्यापायी झाली. तेव्हा मी तंजावूरच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते आणि प्रदर्शनासाठी मला महायुद्धातल्या रणगाड्याची प्रतिकृती हवी होती. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये शिकवणारे, राजवाड्याजवळच्या गल्लीत राहणारे अण्णा अशा प्रतिकृती करतात असे कळले, म्हणून गेले.

"वाळवंटातला ब्रिटिश रणगाडा हवा," मी म्हणाले.

"कोणत्या वर्षीचा?"

"कोणताही चालेल, अण्णा."

"मग माझ्याकडे नाही," असे म्हणून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि त्या रणगाड्यांचे रंग कसकसे बदलत गेले, ते तासभर सांगितले. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या.

बाजार खुला झाल्यावर मद्रासच्या दुकानांत परदेशी प्लॅस्टिकचे संच मिळू लागले. त्याआधी अण्णा पत्र्याचे डबे कापून रणगाडे बनवत. नवे संच त्यांनी आणले खरे, पण चुकीची चाके काढून टाकून लाकडाची स्वतः कातली. फोटोत न दिसणारा खिळा त्यांनी कधी बसवला नाही.

अशा माणसाच्या हातून जे घडले, ते मला लिहायचे आहे.

अण्णांच्या गल्लीत निवृत्त सुभेदार खंडोजीमामा राहत. तरुणपणी ते इजिप्तमधल्या लष्करी वर्कशॉपमध्ये रणगाडे दुरुस्त करत आणि रंगवत. अण्णांनी आपला सर्वांत आवडता 'मटिल्डा' रणगाडा त्यांना दाखवला. त्यावर तिरके तिरंगी पट्टे होते: वाळूचा, गडद करडा आणि फिकट निळा.

मामांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "हे निळं कुठलं? हिरवट करडं होतं. मी हातानं लावलोय."

अण्णांनी परदेशी पुस्तक उघडले. "मामा, पन्नास वर्षं झाली. आठवण फसवते. पुस्तकात निळाच आहे."

अण्णांकडे बैठकीला जमणारे आम्ही चार-पाच जण तिथे होतो. कुणीतरी हसलेही.  मामा काठी घेऊन हळूहळू पायऱ्या उतरले आणि पुन्हा कधी अण्णांच्या घरी आले नाहीत.

अण्णांना मात्र चैन पडेना. त्यांनी इंग्लंडमधल्या एका जाणकाराला पत्र लिहिले. कित्येक महिन्यांनी उत्तर आले, सोबत जुन्या रंगाचा नमुना. तो हिरवट करडा होता. पुस्तकातला निळा ही नंतरच्या लोकांची चूक होती. पत्र आले तेव्हा मामांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

त्याच संध्याकाळी अण्णा मला घेऊन मामांच्या मुलीकडे, कमलाअक्कांकडे गेले. हात जोडून म्हणाले, "अक्का, मामा खरे होते. मी त्यांना चारचौघांत खोटं पाडलं."

 "अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत," अक्का म्हणाल्या. "आता हे त्यांना कोण सांगणार?"

  घरी येऊन अण्णांनी निळा रंग खरवडून काढला. पुढच्या बैठकीत त्याच चार-पाच जणांसमोर उभे राहून आपली चूक सांगितली. माफी मिळाली का, हे त्यांनी अक्कांना कधी विचारले नाही.

आज साठीत अण्णांच्या डोळ्यांना काचबिंदूने घेरले आहे. उजव्या डोळ्याने दिसत नाही आणि रंग ओळखणे तर थांबलेच आहे. हा लेख त्यांना वाचूनच दाखवला. अण्णांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात हा प्रसंग नको, असे संपादकांचे मत होते. अण्णा म्हणाले, "हा नसेल तर माझ्याबद्दल काहीच लिहू नका."

म्हणून लिहिले. उरलेली दृष्टी त्यांना अखेरपर्यंत साथ देवो, शरीर धडधाकट राहो आणि आमच्या चुका दाखवायला ते आम्हांला अजून पुष्कळ वर्षे लाभोत. त्या आम्ही ऐकून घेऊ, त्यांच्या हयातीत.