साकु म्हणेपर्यंत

सोलापूरच्या बाळीवेशीत शिवयोगींचं कपबश्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने कप पसंत केला की ते तो परत मागून घेत, कडेला नखाने एक टिचकी मारत, कानाशी धरत आणि मगच देत. "तडा दिसत न्हाय मास्तर, ऐकू येतो," असं मला सांगत. तडा गेलेला कप त्यांनी आयुष्यात कुणाच्या गळ्यात मारला नाही. दुकानही त्यामुळे कधी मोठं झालं नाही.

त्यांच्याविषयी दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो आहे. आणखी एक कारण आहे. त्या माणसाच्या घराचं वाटोळं माझ्या लेखणीने झालं. मोडनिंबहून शाळामास्तर म्हणून सोलापुरात आलो तेव्हा सुंदर अक्षराखेरीज मिरवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. आठ वर्षं राहून मी कन्नड शिकलो नाही. भाजीवाली, शिंपी, शेजारी सगळे माझ्याशी मुकाट मराठीत बोलत, मग मीच कशाला जीभ वळवू, असा माझा माज होता.

शिवयोगींची मुलगी गौरम्मा, घरात गौरा. ती तीन वर्षांची असताना शिवयोगींची बायको सुंदरम्मा वारली आणि त्यानंतर पोर दुकानातच वाढली, दिवसभर टिचक्या ऐकत. सातव्या वर्षी तिने चिनी मातीच्या वाट्या ओळीने मांडून त्यांत कमीजास्त पाणी भरलं आणि शाळेतली प्रार्थना वाजवून दाखवली. शिवयोगींनी गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून ती पुरी ऐकली. पुढे एका बुवांकडे तिला रीतसर जलतरंग शिकायला घातलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसे. वाट्या सुरात लावण्याची त्यांची एक पद्धत होती. गौरा काडीने वाटी वाजवायची आणि शिवयोगी पळीने थेंबथेंब पाणी घालायचे. पाणी वाढतं तसा सूर खाली उतरतो. हवा तिथे आला की ती म्हणायची, "साकु." साकु म्हणजे कन्नडात पुरे. सोळा वाट्या, सोळा वेळा साकु. शिवयोगींचा कान तिच्याहून तयार होता, सूर त्यांना आधी कळत असणार. तरी पळी तिरकी धरून ते तिच्या शब्दाची वाट पाहत, आणि शब्द आला की त्यांचा चेहरा उजळे. पोरीचा बापावर जीव होता आणि बापाचा तर श्वास तिच्यात अडकलेला. ती त्यांना अरेतुरे करी. मोठ्यांदा भांडे, रुसे, आणि जेवायला मात्र त्यांच्याच ताटाशी बसे.

तीस सालच्या मार्शल लॉनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या हौशी मंडळींनी पाच दिवसांचा संगीत उत्सव ठरवला. अक्षरामुळे चिटणीसपद माझ्याकडे आलं. उत्सवाची सुरुवात चौदा वादकांच्या वाद्यवृंदाने व्हायची होती. फिडल, दिलरुबा, क्लॅरिनेट, पेट्या, तबला, मृदंग असा थाट होता. त्यात मध्येच सगळ्यांनी थांबायचं, एका लहान वादकाने एकट्याने वाजवायचं, आणि त्याने सोडलेली चीज पुन्हा सगळ्यांनी उचलायची. असे तीन बालवादक निवडले होते. शेवटची गौरा.

पत्रिका छापायला द्यायची होती, आणि शिवयोगी हे तर नाव, त्यांचं आडनाव मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी सकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांची पूजा चालली होती. डाव्या तळहातावर लिंग घेऊन ते बसले होते. थांबायचं सोडून मी दारातूनच विचारलं, "अण्णा, गौरम्मापुढे काय लावायचं?"

त्यांनी मान वर केली. गौरा मागच्या आडावर होती, बादलीचा आवाज येत होता. तिकडे एकदा पाहून ते हळूच म्हणाले, "साकुमगळु."

मी लिहून घेतलं. 'साकु' मला कळत होतं, पण आडनावात अर्थ कोण शोधतो? माझ्या वर्गाच्या हजेरीत याहून विचित्र आडनावं होती.

पत्रिका उत्सवाच्या दिवशीच छापून आल्या. पत्र्याच्या थिएटरात पाच वाजता भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. पडद्यामागे गौरा दुपारीच पाणी भरून ठेवलेल्या वाट्या मांडत होती, शिवयोगी कळशी घेऊन शेजारी बसले होते. मी मोठ्या ऐटीत पहिली पत्रिका तिच्या हातात दिली. तिने ती वाचली आणि पुन्हा वाचली. 'जलतरंग : कु. गौरम्मा साकुमगळु.'

"अप्पा," पत्रिका त्यांच्यापुढे धरून ती कन्नडात म्हणाली, "हे काय लिवलंय?"

शिवयोगींना मराठी वाचता येत नव्हतं. मीच कौतुकाने मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्या हातातली पळी कळशीत पडली.

गौरा माझ्याकडे वळली. "मास्तर, हे तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुझ्या अप्पांनीच."

माझं हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. क्लॅरिनेटवाले सिद्धाराम शेजारी होते. त्यांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि सांगितलं, "इथं साकु म्हणजे पुरे न्हाय. साकुमगळु म्हणजे पाळलेली पोरगी, मास्तर. काय करून बसलात?"

मागाहून, गौराला सांगितलं तसं, शिवयोगींनी मलाही सगळं सांगितलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत साखर पेठेतल्या त्यांच्या चाळीत एक तेलुगू विणकर जोडपं आठ दिवसांत गेलं. मागे सहा महिन्यांची मुलगी राहिली. सुंदरम्माने ती पदराखाली घेतली. पुढे सुंदरम्मा गेल्यावर, पोरीला कुणी काही बोलू नये म्हणून शिवयोगी पेठ सोडून बाळीवेशीत आले आणि अकरा वर्षं त्यांनी तोंड मिटून ठेवलं. "हातात लिंग हुतं, मास्तर," ते म्हणाले. "माझं नाव बापाच्या जागी छापा, असं खोटं त्या वक्ताला कसं सांगू? तुमाला कन्नड कळतंय असं वाटलं. सोलापुरात कुणाला कळत न्हाय? मला वाटलं, तुमी समजून घ्याल आन् नुसतं गौरम्मा लिवाल."

तर त्या संध्याकाळी पहिली घंटा झाली. वाट्यांतलं पाणी उकाड्याने आटून सूर चढले होते, ते उतरवणं भाग होतं. गौराने काडी उचलली आणि पहिली वाटी वाजवली. शिवयोगी पळीने पाणी घालू लागले. सूर उतरत उतरत जागेवर आला. गौरा काही बोलली नाही. शिवयोगींची पळी तशीच तिरकी राहिली, ते तिच्या तोंडाकडे पाहत थेंब सोडत राहिले. सूर जागा सोडून खाली गेला. मला तो बेसूर कळला, म्हणजे त्यांना किती कळला असेल.

"पुरे," गौरा म्हणाली. "जास्त झालं. काढा तुमी थोडं."

सोळा वाट्या, सोळा वेळा पुरे.

वाजवलं तिने अप्रतिम. तिघांत तिलाच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. तिने सोडलेली चीज चौदा जणांनी उचलली तेव्हा लोक बाकांवरून उठले. शिवयोगी पडद्याच्या कडेला कळशी धरून उभे होते. टाळ्या चालू असताना ते नखाने कळशीच्या काठावर टिचकी मारत होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गौरा घर सोडून गेली नाही, रडलीही नाही. फक्त त्या दिवसापासून ती बापाशी मराठीत बोलू लागली. कन्नड त्यांचं होतं, आणि तिचं जे असायला हवं होतं ते तेलुगू तिला येत नव्हतं. उरली माझी भाषा. "जेवायला बसा." "दुकान उघडलं का तुमी?" मी तिथे असलो की मला लाज वाटे. जन्मभर जिचा अभिमान बाळगला ती माझी मराठी त्या घरात परक्याशी बोलायची भाषा झाली होती. मी एकदा तिला सुनावायला गेलो, तर ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, राग न्हाय. तोंडातून येत न्हाय आता." शिवयोगी तिला मराठीत उत्तर देत, अडखळत, गिऱ्हाइकाला देत तसं.

दोन वर्षांनी त्यांनी तिचं लग्न दुधनीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी लावून दिलं. मुलाकडच्यांना आधी सगळं खरं सांगितलं. लग्नपत्रिका त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली. मी नको म्हणत होतो, तर म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं हाय की."

त्यानंतरच्या वैशाखात त्यांनी अंथरूण धरलं. मी दुधनीला तार केली. गौरा आली तेव्हा त्यांची शुद्ध येत-जात होती. सकाळी वैद्यांनी सांगितलं, आता पाणीच द्या, थेंबथेंब. तिने फळीवरून ती जुनी पळी काढली. एका हाताने त्यांची मान उचलून ती पाणी घालू लागली. मी पायाशी बसलो होतो.

"पुरे का?" तिने विचारलं. शिवयोगींनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि मिटले. ओठ उघडेच होते. तिने आणखी थोडं घातलं. मग खाली वाकून, तीन वर्षांत प्रथमच, तिने तेच कन्नडात विचारलं, "साका, अप्पा?"

उत्तर आलं नाही. ती पळी तिरकी धरून थांबली, पुन्हा विचारलं, पुन्हा थेंब सोडला. पाणी ओठांच्या कडेने उशीवर ओघळू लागलं होतं तरी तिचा हात थांबेना, एकसारखी त्यांच्या तोंडाकडे पाहत ती शब्दाची वाट बघत होती.

शेवटी मी उठलो आणि तिचं मनगट धरलं.

"साकु, गौरा," मी म्हणालो. कन्नडातला मला नीट येणारा तो एकच शब्द होता.