सुनेच्या पेटीची खंडेनवमी

हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. मी सांगणार आहे तो पराक्रम माझा स्वतःचा आहे.

आमच्या सांगलीच्या घरात माणसं तीन. मी, आमचे हे, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, आणि सून रोहिणी. मुलगाही फौजेतच, लांब सरहद्दीवर. रोहिणी आष्ट्याची, चांगली शिकलेली. घरी बसूनच कुपवाडच्या एका छोट्या कंपनीचं काम करते. सहा महिने काम बघू, मग पक्कं करू, असं तिच्या सरांनी सांगितलेलं. ते सहा महिने नेमके नवरात्रात संपत होते. यंदा घटापुढं बसून मी दुसरं काही मागितलंच नाही. आमच्या म्हसवडच्या सिद्धनाथाला रोज एकच सांगणं, देवा, पोरीची नोकरी पक्की होऊ दे.

तिचं काम काय, ते मला समजलं तेवढं सांगते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजात जागोजागी थंडी मोजायला सेन्सर लावतात. अंगठ्याएवढे असतात, स्टीलच्या टोपीचे, मागं वायर. ते सगळे एका पेटीत खोचायचे. पेटीत छोटा कॉम्प्युटर. तो आणि सेन्सर यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर, आणि तो दुभाषा रोहिणी लिहिते. तो राहतो सिस्टीमच्या अगदी आत. रोहिणी मला म्हणाली, "आई, देवळाचा गाभारा समजा. तिथं पुजारी रेंगाळला की बाहेरची सगळी रांग अडते."

म्हणजे या दुभाष्यानं रेंगाळायचं नाही. आणि तो तर रेंगाळत होता! सेन्सरकडून निरोप आला की हा कोण, हे तो यादीत वरपासून शोधायचा. तू एक नंबर का? नाही. तू दोन का? नाही. मोहरी हवी म्हणून फळीवरचा एकेक डबा उघडत जावं, तसं. आठ सेन्सर होते तोवर काही वाटलं नाही. आता चोवीस झाले.

मग रोहिणीनं पद्धत बदलली. खण पाडले. तिसऱ्या खणात बसलाय तो तिसरा, विचारायचंच नाही, थेट हात घालायचा. केवढा वेळ वाचला! पण ती जरा धास्तावलेली होती. म्हणाली, "हा डोळे झाकून विश्वास ठेवतो, आई. जुना सावकाश होता, पण प्रत्येकाला नाव विचारायचा. उद्या कुणी जागा बदलल्या तर याला कळायचं नाही."

यावर, "कोण बाई बदलतंय?" असं म्हणणारी मी. हे लक्षात ठेवा.

पेटी दसऱ्याच्या मुहूर्तावर गिऱ्हाइकाकडं बसवायची होती, म्हणून तिचे सर खंडेनवमीला चार वाजता घरीच बघायला येणार होते. आणि खंडेनवमी म्हटली की आमच्या घरी हत्यारांची पूजा. ह्यांची कात्री-पक्कड, माझी विळी, शिलाई मशीन, झाडून सगळं पाटावर येतं. सकाळी मनात आलं, रोहिणीचं हत्यार कोणतं? ती पेटीच की. आजच्या दिवशी तिला हळदकुंकू लागलं नाही तर नोकरी पक्की व्हायची कशी?

रोहिणी न्हायला गेली होती. मी पेटी पाटावर घेतली. सेन्सरांवर ही धूळ. आता तुम्हीच सांगा, अशी धूळभरली वस्तू पूजेला ठेवायची? त्यात घट बसल्यापासून देव हलवायचे नसतात. रोज देव काढून, घासून, पुसून मांडणारे हात आठ दिवस नुसते बसलेले. मी एकेक करून चोवीसच्या चोवीस सेन्सर उपसले. पाणी लावायचं नाही एवढी अक्कल होती. कोरड्या फडक्यानं पुसले, ताम्हनात मांडले, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, नमस्कार केला, डाग नको म्हणून पुन्हा फडकं फिरवलं, परत खोचले आणि पेटी होती तिथं ठेवली.

कुठले कुठं? अहो, कुठलाही कुठंही बसत होता! देवांना चेहरे असतात, अन्नपूर्णा कुठली नि बाळकृष्ण कुठला हे अंधारातही कळतं. यांच्यावर म्हणे आकडे कोरले होते. मुंगीच्या पायाएवढे.

अकराच्या सुमारास रोहिणी तपासायला बसली. पाच नंबरचा सेन्सर बर्फाच्या पेल्यात घातला, तर पडद्यावर गार पडला सतरा. बाराला हातात धरून ऊब दिली, तर तापला दोन. पोरीचा चेहरा उतरला. आपल्याच खणांचा हिशेब चुकला, असं समजून ती पुन्हा पुन्हा वाचत बसली.

मी दारातून बघत होते. मला काय वाटलं असेल? जागा बदलल्या, हे? छे. ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, पूजा केलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. मी विळीला हात लावला नाही, भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवली. आणि रोहिणी पेटी वापरत बसली. हा कोप झाला. आणि तो माझ्यामुळं, कारण पूजा मी केली आणि तिला सांगितलंच नाही. म्हटलं, नाथा, तिच्यावर राग धरू नको, नोकरी पक्की होईतो मी चहाला शिवणार नाही. उपासात तेवढा एकच तर आधार होता मला.

तिकडं रोहिणीनं मार्ग काढला होता. पेटीच्या आतलं जोडकामच कारखान्यातून उलटसुलट आलंय, असं तिनं ठरवलं. मग एकेक सेन्सर बर्फात घालून बघितला आणि कुठल्या खणात कोण बसलाय, ते सगळं नव्यानं लिहून काढलं. दीड वाजेपर्यंत चोवीस जुळले. जेवताना पहिल्यांदा हसली.

मला तर नवस पावला असंच वाटलं. पण मनाची हुरहूर काही जाईना. चार वाजता पेटी पुन्हा वापरणारच की ती. तेव्हा कोप झाला तर? आधीच क्षमा मागून ठेवलेली बरी.

ती फोनवर बोलत गच्चीत गेली आणि मी पेटीशी गेले. ताम्हन नेलं, पुन्हा चोवीस काढले. पुन्हा पुसले. या वेळी जास्त भक्तीनं. क्षमा मागितली. परत खोचले.

अडीचला रोहिणीनं सहज एकदा पाच नंबर बर्फात घातला. पडद्यावर गार पडला नऊ.

तिनं बर्फाचा पेला बाजूला सारला. खुर्चीत मागं टेकली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाली, सकाळी सतरा, आता नऊ, आपल्याला हे काम जमत नाही, सरांना येऊ नका म्हणून कळवते. फोन हातात घेतलासुद्धा.

आमचे हे इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "थांब पोरी. मशीन आपलं आपण असं करत न्हाई. ह्या तुज्या जवानांची कुणीतरी बदली केलीया. सकाळी एकदा आन् आत्ता एकदा." आणि हळूच माझ्याकडं वळले. "आगं ए, तू मगाशी ताम्हन कशाला नेलं हुतंस तिकडं?"

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

रोहिणीनं फोन ठेवला. "आई, तुम्ही सेन्सर काढले होते?"

"पुसायला."

"किती वेळा?"

"दोनदाच," मी म्हटलं. तो 'च' कशाला लावला, देव जाणे.

मला वाटलं, आता ही ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती पेटी जवळ ओढली. मग म्हणाली, "आई, घटी बसवलेले देव तुम्ही हलवत नाही. हेही बसवलेलेच होते हो."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. दीड तास राहिला होता. मी म्हटलं, मी सरांच्या पाया पडते, सगळं सांगते. पण रोहिणीचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती कीबोर्डवर वाकली होती. नाव विचारायची जुनी रीत तिनं परत आणली, पण एकदाच. पेटी सुरू होताना प्रत्येक खणाला विचारायचं, तुझ्यात कोण बसलाय. उत्तरांवरून यादी करायची. मग दिवसभर थेट त्या यादीवरून जायचं. आणि कुणी एखादा उपसला, की तो खण पुन्हा विचारून घ्यायचा. सुरुवातीला थोडा वेळ जास्त, पुढं काम झटपट. ती टाइप करत होती आणि मी घटापुढं माळ ओढत होते. एक मणी पुढं गेला की दुसऱ्यांदा तोच मोजत होते.

सर आले. रोहिणीनं बर्फ आणला. पाच घातला, पाच गार पडला. सरांनी स्वतः दोन सेन्सर अदलाबदल केले. यंत्रानं दोन्ही ओळखले. सर खूश. म्हणाले, सोमवारी पक्कं पत्र घ्यायला या. मी पदराला डोळे पुसले.

मग म्हणाले, "पण पेटी सुरू होताना दर वेळी चोवीसही खण विचारायचं कशाला ठेवलंय, मॅडम? गिऱ्हाईक फार तर एखादा हलवेल. सगळे कोण काढतंय?"

रोहिणी खाली बघायला लागली. ह्यांनी पेपर तोंडापुढं धरला, पण पेपर हलत होता. शेवटी मीच पुढं होऊन सगळं सांगितलं, ताम्हनापासून क्षमेपर्यंत. "पुन्हा सांगा, काकू," म्हणत सरांनी वही काढली आणि शांतपणे लिहून घेतलं.

त्यांच्यात रीत आहे म्हणे, शोध किती जलद हे लिहायचं, आणि शेजारी तो वाईटात वाईट किती अडू शकतो, तेही लिहायचं. त्याला वर्स्ट केस म्हणतात. परवा रोहिणीनं कंपनीची ती फाईल मला वाचून दाखवली. तिथं लिहिलंय, "वर्स्ट केस : काकू. चोवीसच्या चोवीस काढून, पुसून, बसतील तिथं बसवतात. याहून वाईट संभवत नाही."