दोन तासांची भिंत

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच मान्य करते. चाळिशी उलटेपर्यंत मी महाविद्यालयात गणित शिकवले आणि त्यानंतर जळगावच्या एका बांधकाम कंत्राटदाराकडे अंदाजपत्रके करू लागले. दोन्ही ठिकाणी मी शक्यतो कागदाआडच राहिले. या वयात लेखणी हाती घेण्याचे धाडस वाचकांनी पोटात घालावे. एका भिंतीचे आणि ती बांधणाऱ्यांचे ऋण मनावर आहे, आणि ते तोंडाने बोलून दाखवणे मला आजवर जमलेले नाही.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाभोवती विटांची भिंत घालायची होती. एक बाजू रोजंदारीवर सुरू झाली होती. उरलेल्या तीन बाजूंना किती माणसे आणि किती दिवस लागतील, हे मला ठरवायचे होते. एक गवंडी दिवसाला किती काम करतो, याची छापील कोष्टके असतात. परंतु ते आकडे कोणत्या गावचे आणि कोणत्या उन्हातले, हे तेथे लिहिलेले नसते. म्हणून स्वतः जाऊन मोजावे, असे मी ठरवले. त्या निर्णयाचा मला थोडासा अभिमानही वाटला होता.

एप्रिलमधल्या एका सकाळी वही, घड्याळ आणि टेप घेऊन मी भिंतीपासून चार पावलांवर उभी राहिले. टोळीचे मुख्य मिस्त्री साठीचे. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या भावजय, सगळ्यांच्या अक्का, सिमेंट-वाळूच्या मसाल्याची घमेली पोचवत होत्या. दोन तास थाप्या चालल्या, घमेली अक्षरशः पळत आली आणि गेली. मी थर मोजले आणि निघाले. नानांनी हात जोडले. कार्यालयात येऊन त्या दोन तासांना मी चाराने गुणले, दुपारच्या उन्हापोटी थोडे वजा केले आणि आलेला आकडा अंदाजपत्रकात घातला. गुणाकार बिनचूक होता.

मेच्या मध्यावर काम मागे पडले. आमचे कंत्राटदार, ज्यांना आम्ही सारे भाऊ म्हणतो, शुक्रवारी अहवाल पाहून म्हणाले, "तुमचा आकडा एक सांगतो, भिंत दुसरंच सांगते. नानांची टोळी ढिली पडली. सोमवारपासून बाहेरची आणतो."

नानांच्या टोळीत अकरा माणसे होती आणि पावसाळ्याआधीचे ते त्यांचे शेवटचे काम होते. भाऊंच्या बोलण्यात कुठेतरी चूक आहे असे मला वाटत होते. पण कुठे, ते सांगता येईना. म्हणून शनिवारी कोणालाही न कळवता सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने नरडाण्याला गेले.

तेथे पोचल्यावरही पुढे जाण्याचा संकोच वाटला. सिमेंटच्या खोलीत पोत्यांमागे बसून मी थापीचा आवाज ऐकत राहिले. दोन ठोके म्हणजे एक वीट बसली, असे धरून मोजू लागले. माझ्या वहीतल्यापेक्षा ती लय पुष्कळ संथ होती. मधेच सारे शांत होई. दाराच्या फटीतून पाहिले, तर नाना भिंत सरळ आहे का हे पाहायला ओळंबा सोडून तो डुलायचा थांबेपर्यंत उभे होते. एप्रिलमध्ये तो ओळंबा मी जेमतेम एकदा बाहेर आलेला पाहिला होता.

इतक्यात अक्का सिमेंट न्यायला आत आल्या आणि दचकल्या.

"वं माय! ताई, तुम्ही आठे कसाले बठी ऱ्हायन्यात?"

माझा आकडा, सोमवारी येणारी बाहेरची टोळी, जे होते ते मी सांगून टाकले. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"त्या दिनले तुम्ही उन्हमा उभ्या. नानानी आम्हले सांगं, बठ्ठा पटपट हात चालवा, ताईले सावलीमा जाऊ द्या."

‘बठ्ठा’ म्हणजे सगळे, एवढी अहिराणी मला येत होती. आवाज ऐकून नानाही दारात आले. "ताई, तुम्ही मास्तरीन ना? मास्तर उभा ऱ्हायना का बठ्ठा पोरे लिखतस. मास्तर गया का मंग?"

"आणि त्या दिवशीची ती भिंत?" मी विचारले.

"ती पाडी टाकी. ओळंबामा नव्हती. दुपारले परत बांधी."

"मला सांगितलं का नाही?"

नाना थोडे लाजले. "पाहुणाले काय सांगानं?"

ज्या भिंतीवर मी तीन बाजूंचा हिशेब उभा केला होता, ती त्याच दुपारी उतरवली गेली होती. माझ्या वहीत तेवढी ती शिल्लक होती.

संध्याकाळी परतले ती थेट कार्यालयात गेले. नोकरी लागून मला चार महिनेच झाले होते आणि पाठ केलेली वाक्ये भाऊंना पाहताच विसरले. एवढेच म्हणाले, "चूक टोळीची नाही, माझी आहे." मग सारे सांगितले.

"म्हणजे तुम्ही उन्हात उभ्या राहिलात म्हणून माझी भिंत उशिरा होणार?"

"हो."

त्यांनी बाहेरच्या टोळीला फोन करून येऊ नका म्हणून सांगितले. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "आता मोजायला जाल तेव्हा छत्री घेऊन जा."

भिंत जूनमध्ये पुरी झाली, नानांच्याच हातून. तेव्हापासून मी कामाजवळ घड्याळ घेऊन उभी राहत नाही. आठवडा सरला की जाते, जेवढी भिंत ओळंब्यात उभी असेल तेवढी मोजते आणि चहा घेऊन येते. माझे आकडे आता बहुधा जुळतात, याचे कौतुक होते तेव्हा मला अवघडल्यासारखे वाटते, कारण ती रीत मला नानांच्या आणि अक्कांच्या त्या एका सकाळच्या घाईने शिकवली. माझ्या डोक्यावरचे ऊन कमी व्हावे म्हणून त्यांनी आपले काम दोनदा केले, आणि त्यापायी आपली रोजी जाऊ पाहत असतानाही ते माझ्याविरुद्ध चकार शब्द बोलले नाहीत.

तुम्ही कोणाच्या कामाजवळ उभे होता, तेव्हा त्यांनी तुमच्यासाठी घाई केली होती का?