न गाळलेलं प्रकरण

आमच्या ह्यांनी पक्ष सोडला त्याला जमाना झाला, पण पक्षाची सवय काही सुटली नाही. उसाला पाणी पाजून यायचं आणि लिहीत बसायचं, असं करत ह्यांनी रशियातल्या क्रांतीवर आणि तिच्यामागून पेटलेल्या यादवीवर पुस्तक लिहून काढलं. आता ते पलूसहून उचलून सरळ सांगलीला छापायला द्यायचं की नाही? पण नाही! आधी खर्डा वाचायला दिला जुन्या कॉम्रेड दादांना. पक्षात साधं पत्रकसुद्धा चारचौघांनी तपासल्याशिवाय छापत नसत, ती शिस्त ह्यांच्या अंगात भिनलेली. मी म्हटलं, "आवं, विचारायला कशाला जाताय? विचारलं की मोडता घालणारच." ऐकतील तर शपथ.

दादा म्हणजे आमच्या घरचं वडीलधारं माणूस. आमचं लग्न त्यांनीच लावलं. ना भटजी, ना मुहूर्त. हार घातले आणि दादांचं भाषण झालं. ते एवढं लांबलं की जेवणं गार झाली. माझ्या माहेरचं कुणी आलं नव्हतं, तर बापाच्या जागी माझ्या शेजारी तेच उभे राहिले. ह्यांनी पक्ष सोडला तरी दादांनी आम्हाला सोडलं नाही. यायचे, तावातावानं भांडायचे आणि जेवून जायचे.

खर्डा घेऊन आले ते मात्र ताठच. बसायच्या आधीच म्हणाले, "धान्याचं प्रकरण काढून टाक."

यादवीच्या काळात क्रांतीच्या तुकड्यांनी खेड्यापाड्यातनं शेतकऱ्यांचं धान्य उचललं, बियाणंसुद्धा ठेवलं नाही, आणि लपवणाऱ्यांना गोळ्या घातल्या, असं ह्यांनी त्यात लिहिलं होतं.

"खोटं हाय का, दादा?" ह्यांनी विचारलं.

"खोटं कोण म्हणतंय? शहरं उपाशी होती, शत्रू दारात होता. आन् आता हे वाचून टाळ्या कोण पिटणार? ज्यांच्याशी आपण जलमभर लढलो, ते!"

"पिटू द्यात की. शहरं उपाशी होती, ते बी लिवलंय मी. पण ज्या घरातलं बियाणं गेलं त्याचं न्हाई लिवलं, तर मग ह्याला इतिहास कशाला म्हणायचं?"

"मग ह्या घरात माझं पाऊल पडायचं न्हाई," असं म्हणून दादा चहा न घेताच निघून गेले.

मी अशी तापले! दादांवर तापलेच, ह्यांच्यावर जास्त. "एक प्रकरण गाळलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? माणूस मोठं का कागद?" ह्यांनी तीच पानं माझ्यापुढं ठेवली. "तू वाच. तू म्हणशील तर काढतो."

वाचायला बसले. मी शेतकऱ्याची लेक. पेरणीच्या तोंडावर घरातलं बियाणं जातं म्हणजे काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. आणि कुणाची नालस्ती म्हणाल तर एका ओळीत नाही. "एक अक्षर काढायचं न्हाई," मी म्हटलं. ऐन तरुणपणी ह्यांच्या भाषणांना टाळ्या पडायच्या, तेव्हाही वाटला नव्हता एवढा नवऱ्याचा अभिमान मला त्या दिवशी वाटला. तोंडावर बोलले नाही, नाहीतर डोक्यावर चढून बसायचे!

पुस्तक आलं. पलूसलाच एका कार्यालयात प्रकाशन ठेवलं. दादांना आमंत्रण द्यायला मी स्वतः गेले, तर "बघू" एवढंच म्हणाले. त्या दिवशी हे भाषणाला उभे राहिले, पण लक्ष सगळं दाराकडं. भाषण निम्म्यावर आलं आणि दादा काठी टेकत आत आले. शेवटच्या ओळीत बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दादांचे हात काठीवरच.

सगळं आटोपल्यावर ते ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ते प्रकरण मला पटलेलं न्हाई. मरेपर्यंत पटायचं न्हाई."

"व्हय, दादा."

"आता मेल्यानंतरचं सांगतो. माझ्या शोकसभेत तू बोलायचं. बाकीची मंडळी नुसती आरती वोवाळतील माझी. माझं चुकलं कुठं, ते बी तू सांगशील."

जन्मभर सभा गाजवलेला माझा नवरा दादांचा हात धरून नुसता मान हलवत राहिला.